वडशाच्या पुढे, डोंग्यातल्या मातीसाठी

गच्चीवर बाग करणाऱ्यांची एक वेगळीच जात असते आणि त्या जातीत माझा नंबर बराच खालचा. रंगाचे रिकामे डबे, तळ गेलेली पिंपं, भंगारवाल्याशी भांडून परत घेतलेल्या बादल्या, असा सगळा संसार मी नागपूरच्या आमच्या गच्चीवर मांडला होता. माती मात्र दरवर्षी नवी. एक हिवाळा ती बरी चालायची. उन्हाळा लागला की पाटीसारखी कडक व्हायची, वर पांढरी पापडी धरायची. मग ती फेकायची आणि नर्सरीतून नवी पोती आणायची. ती पोती तीन मजले चढवताना आमचे हे जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशात बँकेतल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाने डब्यात वांग्याची भाजी आणली. सुनंदा मूळची वडशाची. भाजी अशी की मी तिचा डबा पुसून खाल्ला.

"मावशीच्या डोंग्यातली वांगी आहेत," ती म्हणाली. "डोंगा म्हणजे नाव गं, झाडाचं खोड कोरून केलेली. जुनी झाली की त्यात माती भरतात. मावशीच्या आईच्या वेळेपासून तीच माती आहे. कधी बदललीच नाई."

कधी बदललीच नाही! मला ते चांगलंच झोंबलं. संक्रांतीच्या सुट्टीला दोन रजा जोडल्या आणि सुनंदाला म्हटलं, चल, मला ती माती बघायची आहे.

जाणार असाल तर नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा एसटीचा रस्ता धरा. सकाळची गाडी घ्या, उमरेडला आलुबोंडा खा आणि डाव्या-उजव्या बाजूच्या भानगडीत न पडता मिळेल ती खिडकी पकडा. भिवापूरला मिरचीने शिंका येतात, नागभीडच्या पुढे बांधांवर लाखोरी डाळीची हिरवीगार रोपं दिसायला लागतात. ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगेचा पूल आणि पलीकडे वडसा. गावभर राईस मिलच्या भुशाचा वास आणि भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं. हिवाळ्यात इथली नाटकं रात्रभर चालतात. आम्ही ती पाहिली नाहीत, तुम्ही पाहा. स्टँडवरून काळीपिवळी जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे काय, हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक असतं.

मावशीच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या दारात गर्दी झाली तर शिव्या मला पडतील. मंदामावशी आणि नामदेवभाऊ, दोघंच घरात. गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात मासे धरायचे आणि थोडं धान पिकवायचं. चहा घेतला आणि मी लगेच परसात गेले.

डोंगा होता खरा. मोहाच्या खोडाचा, पडवीच्या छपराखाली लांबलचक आडवा. पण त्यातल्या वांग्यांची पानं कडेने करपून गुंडाळली होती आणि मातीवर पांढरी पापडी होती. मी ज्याचं कौतुक करायला एवढ्या लांब आले तिथे सुतकच दिसत होतं.

"काय झालं मावशी?"

"त्यायलेच इचारा. माह्यं बोलनं बंद हाय त्यायच्यासंग."

नामदेवभाऊ जाळं दुरुस्त करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मासोऱ्या धुतलेलं पानी डोंग्यातच टाकतो आमी. कवापासून. हात तसाच गेला."

झालं होतं असं. व्यापाऱ्याची गाडी आली नाही म्हणून त्यांनी पहिल्यांदाच मासे मिठात घातले होते. मग त्याचं खारं पाणी उरलं. माशांचं पाणी डोंग्यात जायचं ही घरची रीत, ती नामदेवभाऊंनी इमानाने पाळली.

आता ही पापडी मी ओळखत होते! आमच्या बोअरचं पाणी कुंड्यांना हेच करतं. मी म्हटलं, माती फेकू नका, गोड्या पाण्याने धुवा. खालून निथळेल इतकं घाला, थांबा, पुन्हा घाला. डोंग्याचा तळ जागोजागी कुजलेला, त्यामुळे निचरा उत्तम. नामदेवभाऊ दिवसभर बोडीचं पाणी कावडीने आणत राहिले. मी पुरे म्हटल्यावरही आणत राहिले. मावशी चुलीपाशी बसून ते पाहत होत्या. जेवणात भात, झिंग्याची चटणी आणि शेजारणीकडून आणलेली वांगी होती. शेजारणीची वांगी वाढताना मावशींचा चेहरा बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मातीचं बोट जिभेला लावलं. "खारट नाई लागत." मग हात कोपरापर्यंत आत घातला, मूठभर माती वर काढली, वासाला नाकाशी नेली आणि उलटसुलट करून पाहिली. एक गांडूळ नव्हतं.

"धुतली तं खरी," त्या म्हणाल्या. "पन जीव नाई तिच्यात. शेन टाकन, पाचोळा टाकन, पन इरजनच नाई तं दही कसं लागन?"

विरजण होतं. त्यांच्या लेकीकडे, वैशूकडे. या घरात लेकीच्या पाठवणीत डोंग्यातली एक टोपलं माती देतात. मावशींना त्यांच्या आईने दिली, त्यांनी वैशूला दिली. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, तिच्याकडून थोडी आणू.

"लेकीले देल्लं वापस मांगत नाई कोनी," मावशी म्हणाल्या.

"माती तर आहे."

"मातीच तं हाय."

नामदेवभाऊंनी जाळं बाजूला ठेवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "पाहुनी इतक्या दूरून आली. वैशूचं घर तं दाखवा लागन."

"चाला. पन मी काई मांगनार नाई, सांगून ठेवतो," मावशी भिंतीलाच म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी झालेलं ते त्यांचं पहिलं संभाषण, असं सुनंदा मला नंतर म्हणाली.

वैशूचं गाव कुरखेड्याच्या वाटेवर. रस्ता दोन्हीकडून सागाचा, मधेच पळस. खड्डे आहेत, पण गाडीत इतकी माणसं असतात की धक्का लागायला जागाच उरत नाही. वैशूकडे डोंगा नाही. तिने फुटके रांजण ओळीने मांडलेत आणि त्यात मिरच्या, टमाटर, वांगी. मातीवर तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा जाड थर, वर बोराटीच्या काट्या, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून. मी तनस बाजूला करून बोट घातलं तर हात मनगटापर्यंत आत गेला. गार, भुसभुशीत. पावसाळ्यात जंगलातला पाचोळा उचलला की येतो तो वास. आणि गांडुळं! मी तिथेच मांडी घालून बसले. माझ्या गच्चीवर हे सुख मला एकदाही मिळालेलं नव्हतं.

वैशू म्हणाली, "काई नाई करत बाई मी. झाड संपलं का बुडातून कापतो, उपटत नाई. मुऱ्या आतच सडू देतो. मंग वाळलेला बोडीचा गाळ, शेन, पाचोळा, चुलीतली राख. मासोऱ्यायचं पोट-खवले एकदम खाली, नाई तं कुत्रे उकरते. अन् उघडी नाई ठेवाची कधीच. मासोऱ्यायचा वास गेला का झाड लावाचं."

मावशींनी डोंग्याचा विषय काढला नाही. भाऊंनीही नाही. पण वैशूने डोंग्याची चौकशी केली तेव्हा बाप चपलेकडे बघायला लागला आणि आई पदर नीट करायला लागली, तेवढ्यावर तिला सगळं समजलं असावं. निघताना तिने मला कुंकू लावलं. मग एक टोपलं माझ्यापुढे ठेवलं, काठोकाठ मातीने भरलेलं, वर ओलं तनस.

"पह्यल्यांदा आल्या तुमी. खाली हातानं कशा जासान?"

ते टोपलं मला एकटीला उचलेना. एवढी माती एका पाहुणीला कोण देतं? मी वैशूकडे पाहिलं, तर ती मुद्दाम कोंबड्या हाकायला गेली.

रस्त्यावर गाडीची वाट पाहताना मी म्हटलं, "मावशी, एवढी मी कुठे नेऊ? अर्धी तुम्ही घ्या."

मावशींनी बराच विचार केला. "तुमी परक्या," त्या म्हणाल्या. "परक्याकडून घ्याले काई हरकत नाई."

वैशूची युक्ती सफल झाली होती आणि मी हसायला हवं होतं. पण खरं सांगते, ते 'परक्या' मला लागलं. दोन दिवस त्यांच्या ताटात जेवले, त्यांची माती धुतली, आणि मी परकी.

घरी परतल्यावर मावशींनी अर्ध्या टोपल्याचे गोळे डोंग्यात जागोजागी पुरले. शेणकाला शिंपडला, तनस पांघरलं. नामदेवभाऊंनी काट्या आणल्या. "जाड लावा," मावशी म्हणाल्या, यावेळी थेट त्यांना.

माझी अर्धी माती एसटीत पायांशी बसून नागपूरला आली. मी फेकायला काढलेली कडक माती धुतली, त्यात हे विरजण घातलं, वर पालापाचोळा. ह्यांनी विचारलं, "या वर्षी पोती?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी वैशूला न बघताच आशीर्वाद दिला. होळीनंतर सुनंदा सांगत आली की डोंग्यात गांडुळं दिसली. मी ऑफिसात टाळ्या वाजवल्या, मॅनेजर बघत होते तरी.

दिवाळीत सुनंदा गावी निघाली. माझी पिंपं आता अशी झाली होती की मिरच्या शेजाऱ्यांना वाटून उरत होत्या. मी मोठ्या ऐटीत एक पिशवीभर माती बांधली, गांडुळांसकट. मावशींना दे म्हटलं, डोंग्यात घाला म्हणावं.

पिशवी तशीच परत आली. माझी गाठसुद्धा सोडलेली नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की सुनंदाकडे बघवेना.

"ऐक तर," ती म्हणाली. "मावशीनं निरोप दिलाय. म्हणाली, लेकीले देल्लेली माती मायच्या घरी वापस येत नाई, सांग तिले."

दुसऱ्या पिशवीत वांगी होती, डोंग्यातली, देठाचे काटे अजून टोचत होते. संध्याकाळी मी ती निवडत बसले होते. ह्यांनी विचारलं, "कुठून आली एवढी?"

"माहेराहून," मी म्हटलं.