नवनाथच्या व्हायोलिनची दुसरी खुंटी

आधी माफी मागतो. इथं लिहिणारे तुम्ही सगळे अनुभवी लोक. मी बारामतीला टी.वाय.बी.ए.ला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. परीक्षेचा पेपर सोडला तर लिहायची सवय नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरं म्हणजे, मी असलं काही मानत नव्हतो. आमच्या कन्हेरी गावात एका विहिरीजवळ बाई दिसते म्हणतात. बारावीला असताना मी मुद्दाम त्याच विहिरीवर बसून इतिहासाचा अभ्यास केला होता. काही दिसलं नाही. मार्कही बरे पडले. त्यामुळे खाली जे लिहितोय ते लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

मागच्या वर्षी मे महिन्यात वालचंदनगरला एका जुन्या गेस्ट हाऊसमध्ये बारा दिवसांचा निवासी कोर्स होता. बरोक व्हायोलिनचा. बरोक म्हणजे युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, आणि ते वाजवायचंही त्या काळासारखंच. म्हणजे हनुवटी टेकवायचा लाकडी तुकडा काढून टाकायचा, गज वेगळ्या तऱ्हेनं धरायचा, आणि स्टीलच्या तारा उतरवून जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तारा चढवायच्या. आम्ही माळकरी. फोनवर हे ऐकून आई एवढंच म्हणाली, "आतड्याची? मग जेवायच्या आधी हात नीट धूत जा बाबा."

मी शाळेतल्या संगीताच्या सरांकडे सात वर्षं व्हायोलिन शिकलो होतो. नोटेशन वाचायला यूट्यूबवरून शिकलो. कोर्समध्ये आम्ही चौदा जण. बाकीचे पुण्याचे नाहीतर मुंबईचे. गावाकडचे दोघंच — मी आणि भिगवणचा नवनाथ. त्याच्या वडिलांचं हायवेला मच्छीचं हॉटेल आहे. दोघंही गावाकडचे म्हणून शिकवणाऱ्या मॅडमनी आमची जोडी लावली.

जोडी कशासाठी, ते सांगायला हवं. आतड्याच्या तारा उन्हानं, घामानं, कशानंही बिघडतात, सारख्या सुरात लावाव्या लागतात. मॅडमचा नियम असा की आपलं व्हायोलिन आपण लावायचं नाही. सोबत्याच्या हातात द्यायचं. तो लावेल तो सूर आपला, परत तार ताणायच्या खुंटीला हात लावायचा नाही. त्या म्हणायच्या, "आपला कान आपल्याला गोड बोलतो. दुसऱ्याचा कान खरं बोलतो."

आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचं वादन ऐकून एकाला मॅडम स्वतःचं एक व्हायोलिन वर्षभर वापरायला देणार होत्या. खास या संगीतासाठी बनवलेलं. ते मला हवं होतं. इतकं दुसरं काही मला आयुष्यात हवंसं वाटलेलं नाही.

मी पहाटे पाचला उठून सराव करायचो. नवनाथ आठला उठायचा, चहात खारी बुडवत विचारायचा, "विक्या, आज कुठला धडा हाय रं?" त्याला नोटेशन धड वाचता येत नव्हतं. मी एकदा वाजवून दाखवायचो, मग तो वाजवायचा... आणि मॅडम पलीकडच्या खोलीतून उठून यायच्या. त्याच्यासाठी. सगळ्यांना हातानं गप्प करून म्हणायच्या, "हे ऐका."

माझ्यासाठी कधी "हे ऐका" म्हणाल्या नाहीत. मला म्हणायच्या, "बरोबर आहे, विकास." बारा दिवस बरोबरच होतं माझं.

एकदा मी त्याला टोमणा मारला, "मासे कापून हात बसलाय वाटतं तुझा."

तो हसत म्हणाला, "व्हय की. काटा कुठं हाय ते बोटाला आपसूक कळतं. तू ये भिगवणला, शिकवतो. पर तू माळकरी, तुला वांगी कापाया देतो."

रागही येत नव्हता त्याला. ते जास्त लागायचं. संध्याकाळी दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन यायचा, "काय, पास व्हतोस न्हवं?" मी म्हणायचो, हो. फोन ठेवला की परत सरावाला बसायचो.

शेवटच्या दिवशी साडेतीनला व्हरांड्यात जोडीजोडीनं तारा लावल्या. नवनाथनं माझं व्हायोलिन लावलं, मी त्याचं. आणि मी त्याची दुसरी तार सुराच्या खाली उतरवली. थोडीच. वाजवायला सुरुवात केली की बोट चुकल्यासारखं वाटेल आणि दोष उन्हावर जाईल, इतकीच. लावलेली असताना खुंटी सरळ उभी होती, उतरवल्यावर किंचित तिरपी झाली. मी ते नीट बघून ठेवलं होतं.

"झालं का रं?"

"झालं."

त्यानं तार छेडूनसुद्धा बघितली नाही. व्हायोलिन घेतलं आणि नंबराप्रमाणे हॉलमधल्या लांब टेबलावर ठेवलं. सगळे मागच्या अंगणात चहाला गेले.

माझे कागद हॉलमध्ये राहिले होते म्हणून मी परत आलो. दार उघडंच होतं. पंखे बंद, आत कुणी नाही, खिडक्यांतून लख्ख ऊन. मी उंबऱ्यावर असताना तार वाजली.

एकदाच. उतरलेली. मी उतरवली होती तेवढीच.

मग जरा थांबून परत. आता थोडी वर. मग तिसऱ्यांदा... बरोबर. सूर लावणारा माणूस लावतो तसं, घाई नाही, ऐकत ऐकत.

मी टेबलाजवळ गेलो. नवनाथच्या व्हायोलिनची दुसरी खुंटी सरळ उभी होती.

लाकडी खुंटी घसरते, मान्य. पण तार तिला ओढत असते, म्हणून घसरते ती खालच्या सुराकडेच. वर कधी घसरत नाही.

आता जे सांगतो त्याची जास्त लाज वाटते. मी ती परत उतरवायला गेलो. खुंटी फिरेना. अडकलेली खुंटी मला माहीत आहे, ती मुकी असते. ही तशी नव्हती. मी जेवढा जोर लावायचो तेवढाच पलीकडून लागत होता. मी सैल सोडलं की तेही सैल. मुलाच्या हातातली कात्री मोठं माणूस न ओरडता धरून ठेवतं ना — तसं.

तुम्ही विचाराल, भीती वाटली का? खरं सांगतो, नाही. मला हेवा वाटला. तिथं जे कोणी होतं, तेसुद्धा नवनाथसाठीच उठून आलं होतं. माझं व्हायोलिन शेजारीच होतं. त्याला कुणी हात लावला नाही.

नवनाथनं वाजवलं ते मी सांगू शकणार नाही. वाजवून झाल्यावर मॅडम बराच वेळ चष्मा पुसत होत्या. त्याच्यानंतर माझा नंबर होता. माझं बरोबर झालं.

व्हायोलिन त्याला मिळालं. निघताना मी मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, "खुंटी आपोआप वर चढू शकते का हो?" त्या हसल्या, "तसं होत असतं तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं, विकास."

त्यानंतर वर्षभर मी व्हायोलिन जवळजवळ बंदच ठेवलं. नवनाथचे फोन यायचे, मी उचलायचो नाही. सगळी कारणं शोधून झाली. ऊन, उंदीर, माझ्याच मनाचा खेळ. पण बोटांना लागलेला तो उलटा जोर कुठल्याच कारणात बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मी थट्टा समजणार नाही.

गेल्या रविवारी दादांच्या मोबाईलवर नवनाथचा फोन आला. दादांनी तसाच माझ्या कानाला लावला.

"विक्या, जिवंत हायस व्हय? ऐक. माझं वरीस संपलं. मॅडम म्हणल्या, आता व्हायोलिन कुणाला द्यायचं ते तूच सांग. मी तुझं नाव दिलं."

मी विचारलं, "माझं का?"

"आरं, त्या दिवशी माझं व्हायोलिन तूच लावलं व्हतंस न्हवं? तसा सूर मला परत घावलाच न्हाय बघ. वरीसभर लावतोय. मॅडमनी लावून बघितलं, तरी न्हाय. म्हणलं, ज्याच्या हातानं लागला त्याच्याकडंच जाऊ दे. त्याबी लगीच व्हय म्हणल्या. गुरुवारी बारामतीला घिऊन येतो. स्टँडवर ये."