पहिल्या पानाचा फोटो

नलूताई कापगते आमच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या, माझ्या शेजारच्याच क्वार्टरमधल्या. नवरा केवलराम यार्डात पॉइंट्समन आणि त्या स्वतः भिलाईतल्या एका शाळेत लायब्रेरियन. बाई कामाला चोख, जिभेला गोड. खोड एकच, आणि तिचा मला भारी राग येतो. काही समजलं नाही तरी "हाव, समजलं" म्हणून मोकळ्या होतात.

गेल्या वर्षी शाळेने लायब्ररी ऑनलाइन करायचं ठरवलं. पालकांना घरबसल्या फोनवर सगळी पुस्तकं दिसणार होती. कॉम्प्युटरचे विक्की सर ताईंच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी धाडधाड सगळं दाखवलं आणि विचारलं, "समझ में आया, मॅडम?" ताईंनी सगळ्यांत आधी मान हलवली. पोरवयाच्या सरांसमोर अडाणी कशाला ठरायचं, हा हिशोब.

मग काम सुरू झालं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती काढायची, बारकोड लावायचा आणि पुस्तकाचा फोटो टाकायचा. दुसऱ्या कोणीही कव्हरचा फोटो घेतला असता. पण त्यांच्या लायब्ररीत अर्ध्या पुस्तकांना एकसारखं तपकिरी बाइंडिंग. लायब्रेरियनच्या लेखी पुस्तकाची ओळख म्हणजे पहिलं पान, जिथे शिक्का आणि नंबर असतो. ताईंनी इमानेइतबारे सगळ्या पहिल्या पानांचे फोटो टाकले. विक्की सरांनी बघितलं नाही, ताईंनी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी त्या कौतुकाने केवलरामना फोनवर आपलं काम दाखवत बसल्या होत्या. केवलरामनी एक फोटो मोठा केला आणि वाचलं, "निशा, परत मागणार नाही. ना पुस्तक, ना दुसरं काही. प्रवीण." मग विचारलं, "हे कोनाचं आहे वं?"

ताईंनी फोन ओढून घेतला. निशा त्यांच्याच शाळेत गणित शिकवते. शाळेत मराठी बोलणाऱ्या या दोघीच. रोज दुपारी लायब्ररीत डबा उघडायचा, पाटोडीची भाजी वाटून घ्यायची आणि घरच्या बोलीत पोटभर बोलायचं, असा त्यांचा नेम. निशाचे वडील दौलतराव स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे घरातलं सामान वाटून टाकलं. पुस्तकांचा गठ्ठा निशाने शाळेत आणून दिला होता. त्यातलं ते पान ताईंनी तेव्हाच पाहिलं होतं. निशाचं लग्न दुसरीकडे झालेलं. ताईंनी एक शब्द न विचारता त्या ओळींवर तारखांची चिठ्ठी चिकटवून टाकली होती. निशाला ते कळलं होतं. दोघींत त्यावर कधी बोलणं झालं नाही, पण डबा तेव्हापासूनच सोबत सुरू झाला.

आता ती चिठ्ठी ताईंनी स्वतःच्या हाताने, ढिगातली एक म्हणून, ओढून काढली होती. आणि सोमवारी सगळ्या पालकांना लिंक जाणार होती. निशाची मुलगी त्याच शाळेत. म्हणजे लिंक निशाच्या नवऱ्याच्या फोनवरही जाणार.

"त्या सरले फोन कर ना," केवलराम म्हणाले.

"काय सांगू त्याहिले? मले काढता येत नाही म्हणून? तवा तं समजलं म्हणून बसली मी."

"मंग निशाले तरी सांग."

"काढूनच सांगतो ना."

रविवारभर त्या फोन घेऊन बसल्या. इथे दाब, तिथे दाब. संध्याकाळी ते पुस्तक यादीतून नाहीसं झालं. ताईंनी देवासमोर दिवा लावला.

नाहीसं झालं होतं ते फक्त त्यांच्या फोनवरून.

सोमवारी मधल्या सुट्टीआधीच स्टाफरूममध्ये कोणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मराठी असलं म्हणून काय झालं, लिपी तर सगळ्यांना येते. हसू आणि "कौन है ये प्रवीण?" निशा तिथेच पेपर तपासत बसली होती. ताई धावत विक्की सरांकडे गेल्या. त्यांनी दोन ठिकाणी बोट लावून फोटो काढून टाकला. "बस, इतना ही था, मॅडम? संडे को फोन कर देते."

ताई निशाला जिन्यात गाठून म्हणाल्या, "माफ कर वं निशा. मले शनिवारीच दिसलं होतं."

खरं बोलल्या. मला विचाराल तर दोन दिवस उशिराच बोलल्या.

निशाने पायरीवर थांबून विचारलं, "शनिवारी? मंग मले फोन कावून नाही केला?"

"काढता येत नव्हतं. कोनाले विचाराची लाज वाटली."

निशा पुढची पायरी चढली. "तुमची लाज तं राहिली ना, ताई," म्हणाली आणि वर्गावर गेली.

तिच्या घरी त्या दिवशी काय झालं, ते ताईंना माहीत नाही. विचारण्याचा हक्कच उरला नाही, असं त्या म्हणतात. हे सांगताना त्यांची मान वर होत नाही. मी रागावायला म्हणून बसले होते, ते राहूनच गेलं.

त्यानंतर ताई विक्की सरांसमोर वही घेऊन, संकोच न करता बसल्या. "मले काहीच नाही येत, पहिल्यापासून सांगा," म्हणाल्या. घाईघाईत मराठीतच म्हणाल्या, सरांना तेही समजलं. आज त्यांना सगळं येतं. शिक्षकांना आता लायब्ररीत यावं लागत नाही. स्टाफरूममधून फोनवर मागणी टाकायची, पुस्तक शिपायाच्या हाती वर जातं. या सोयीचा सगळ्यांत जास्त उपयोग निशा करते. प्रिन्सिपल मॅडमनी मीटिंगमध्ये तिचं उदाहरणही दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईंनीही.

परवा निशाची मागणी आली, तेव्हा ताईंनी शिपायाला थांबवलं. स्वतः पुस्तक घेतलं, दुसऱ्या हातात पाटोडीचा डबा घेतला आणि जिना चढून गेल्या.

"निशा, तुह्यं पुस्तक," त्या म्हणाल्या.

निशाने पेपरांतून डोकं वर केलं नाही. "वहाँ रख दीजिए, मॅडम."

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी हिंदीत बोलली नव्हती. ताईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. डबा ठेवायला जागा होती, पण हात झाला नाही.

खाली येईपर्यंत कॉम्प्युटरवर निशाची नोंद आली होती, पुस्तक मिळालं म्हणून. खाली लिहिलेलं होतं, 'धन्यवाद'. ते आपोआप येतं. ताईंना आता तेही समजतं.