आधी त्यांचं आटपा

मामींना भेटायला हॉस्पिटलात गेले, तेव्हा नर्स त्यांचं अंग पुसत होती. चेहऱ्याला एक ओलं औषधी कापड, हातांना दुसरं. वापरलेलं थेट कचऱ्यात. मामी कुरकुरल्या, “केवढी ही नासाडी!”

मला वडिलांचा वॉर्ड आठवला. तिथे कोमट पाण्याचा एकच टब, एकच फडकं खाटेखाटेवरून फिरायचं. टब घेऊन वॉर्डातल्या आया मावशी आल्या की वडील शेजारच्या खाटांकडे बोट दाखवून म्हणायचे, “आधी त्यांचं आटपा, मला घाई नाही.” आम्हाला त्यांच्या या समजूतदारपणाचं कोण कौतुक! ऑपरेशनची जखम चिघळली, तेव्हाही त्या पाण्याकडे कुणी वाकून पाहिलं नाही.

सगळ्यांचं आटपून गढूळलेलं पाणी शेवटी त्यांच्यापाशी यायचं. ते डोळे मिटून म्हणायचे, “बरं वाटलं हो, मावशी.”