फिलूताईची शनिवारची बैठक

वसईच्या आमच्या घरातून एकाच महिन्यात दोघी निघालो. मी लग्न करून दुबईला, थोरली फिलूताई नर्सच्या नोकरीवर स्कॉटलंडला. पपांनी दोघींच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि म्हणाले, "परमुलखात मान खाली घालून राहायचं."

मी तशीच राहिले. दुबईच्या अल मनखूल भागातला वन-बेडरूम फ्लॅट, ऑफिस, दर दोन वर्षांनी व्हिसा. एचआरचा मेल दिसला की अजूनही आधी व्हिसाची तारीख तपासते. फिलूताईला मात्र ते जमलंच नाही. हॉस्पिटलची बस बंद केली म्हणून तिने ड्युटी संपल्यावर दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. बस सुरू झाली. लोकांनी तिला आधी कौन्सिलवर आणि मग स्कॉटलंडच्या पार्लमेंटमध्ये निवडून दिलं. तिचं पहिलं भाषण मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत, आवाज बारीक करून ऐकलं. ऊर भरून आला आणि धडकीही भरली. परक्यांच्या घरात इतकं मोठ्याने बोलतात का?

वसईला घरी कुणाला कळवलं नव्हतं, आता सांगते. दर शनिवारी ती लायब्ररीच्या एका खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसते. गेल्या वर्षी एक माणूस आत आला, त्याने दाराला कडी घातली, टेबलावर चाकू ठेवला आणि "चालती हो आमच्या देशातून" एवढंच बोलत राहिला. वीस मिनिटांनी पोलिसांनी दार तोडलं. तिला खरचटलंही नव्हतं.

मी तिला इकडे बोलावून घेतलं. पहिल्याच दुपारी ग्रोसरीवाल्याने बेल वाजवली, तर ती किचनमध्ये भिंतीला पाठ लावून उभी. फिलूताई कुणाला भीत नाही, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं.

"राजीनामा दे," मी म्हटलं. "खलास. इथेच राहा. इथे कुणी अंगावर येत नाही."

"मग तू का एवढी भितेस? फोन वाजला की दचकतेस."

मी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मीही भिते गं," ती म्हणाली. "पण एका बाईच्या घराला ओल आलीय, लेकरं खोकतात. शनिवारी येईल ती. मी नसले तर कुणाकडे जाईल?"

पाचव्या दिवशी तिला एअरपोर्टवर सोडलं. परतताना गाडीत माझी लेक म्हणाली, "मम्मा, व्हाय इज शी गोइंग बॅक?"

"घरी जातेय," मी म्हटलं, आणि माझ्याच शब्दाने चमकले.

त्या शनिवारी मी सकाळपासून फोन हातातून ठेवला नाही. जेवण गेलं नाही. संध्याकाळी मेसेज आला, 'तेवीस जण आले. दार उघडंच ठेवलं होतं.' मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

फॉर्मवर परमनंट ॲड्रेस म्हणून मी अजून वसईच लिहिते. पण आता वाटतं, ज्या माणसांसाठी आपण भीत भीत का होईना परत जातो, ती असतात तिथे आपलं घर. फिलूताईला ते सापडलं. मला इथे इतकी वर्षं झाली. मी अजून समोरच्या फ्लॅटमधल्या बाईचं नावही विचारलेलं नाही.