'हं' म्हणेपर्यंत

आमचे हे मोजकं बोलतात, असं लोक म्हणतात, तो लोकांचा चांगुलपणा. खरं सांगायचं तर हे बोलतच नाहीत, नुसतं 'हं' म्हणतात. लग्नाला होकार दिला तोही तसाच, आणि भाजी आवडली तरी आजही तेवढंच. जन्मभर कारखान्यात लेथवर उभे राहिले. सुट्टी झाली की चहासाठीही घरी न येता बर्फाच्या कारखान्यामागच्या गोदामात जायचे आणि आसपासच्या मुलांना वेटलिफ्टिंग शिकवायचे. तिथला फळ्यांचा ओटा ह्यांनीच ठोकलेला, त्यावर जुन्या टायरांचं रबर. एक भिंत बर्फवाल्याच्या बाजूची, कायम गार. वजन उचलून झालं की घामाघूम पोरं त्या भिंतीला पाठ चिकटवून उभी राहायची. त्यांचे टॉवेल धुणं आणि उसवलेले पट्टे शिवणं हे खातं माझ्याकडे, कुणी न विचारता आलेलं.

शिकवण्याची तऱ्हाही तीच. पोर वाकून दांडा धरणार, एका दमात डोक्यावर नेणार आणि हात ताठ करून थांबणार. हे कोपऱ्यातल्या स्टुलावरून बघत बसायचे. पाय, पाठ, कोपर सगळं मनासारखं झालं की 'हं'. मग पोराने दांडा खाली आणायचा.

या सगळ्यांत मुंगी ह्यांची लाडकी. कबूल करणार नाहीत, पण तिच्या दांड्याला एरंडेलाचा हात फिरवायचे ते रोज, बाकीच्यांच्या दांड्यांना आठवण झाली तर. इवलीशी होती तेव्हा स्वतःहून आली आणि तिच्याएवढ्याच वजनाचं चाक ओढत बसली, तेव्हापासून ती मुंगी. तिचे वडील शिंपी. माणूस वाईट नाही, पण त्यांना पोरीचं हे वेड पटत नव्हतं. त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, या वर्षी खेळाच्या निवासी शाळेत निवड झाली तर जा, नाहीतर हे उद्योग बंद. आणि निवड होणार होती एकाच स्पर्धेतून.

आधीच्या मुलांना स्पर्धेला शाळेतल्या बाई न्यायच्या, कारण ह्यांना रजा मिळायची नाही. या वर्षी हे निवृत्त झाले होते. एकदा तरी जा, पोरीला धीर येईल, म्हणून मीच ह्यांच्या मागे लागले, आणि वर स्वतःही निघाले.

स्पर्धेत वजन उचलायचे दोन प्रकार, पहिल्यात तीन संधी. तिन्ही हुकल्या तर तिथेच बाहेर. पहिल्या वेळी मुंगीचा दांडा पुढे गेला आणि पडला. घाबरली होती बिचारी. दुसऱ्या वेळी मात्र असा सरळ वर गेला की मी ह्यांच्यासकट सगळं विसरले. मुंगी दगडासारखी स्थिर उभी. आणि लगेच तिने दांडा खाली आणला.

तिन्ही पंचांचे दिवे लाल लागले.

मुख्य पंचाने हात खाली केल्याशिवाय दांडा आणायचा नसतो, हे तिला झोपेतसुद्धा माहीत होतं. ती रडत आली आणि म्हणाली, "पण सर 'हं' म्हणाले ना."

"मी कुठे काय बोललो?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

बोलले होते. मी शेजारीच होते. ह्यांचं ह्यांना कळतसुद्धा नाही, इतकं ते अंगात मुरलेलं. हे माझ्याकडून ऐकलं मात्र, ह्यांचा चेहरा पडला. मी बाहेर जाऊन थांबतो म्हणाले. मुंगीने ह्यांची बाही धरली आणि जाऊ नका म्हणून मान हलवली. शेवटी मी पिशवीतला टॉवेल काढला, घडी करून ह्यांच्या हातात दिला आणि तोंडात धरायला सांगितलं. लोक बघत होते. बघेनात का.

तिसऱ्या वेळी मुंगी ओट्यावर गेली. हे टॉवेल दातांत धरून उभे, डोळे भरलेले. दांडा वर गेला. ती बसली, सावरली, उठली, हात ताठ. पंचाने हात खाली केला.

मुंगीने दांडा खाली आणला नाही.

तशीच उभी राहिली. पंचाने पुन्हा हात केला, तोंडानेही सांगितलं. तिचे दंड थरथरायला लागले. दांडा मागे कोसळला असता तर सगळंच गेलं असतं. पण ती पंचाकडे बघतच नव्हती. ह्यांनी टॉवेल काढला होता, तरी आवाज फुटत नव्हता. हे का थांबलेत ते मला तेव्हा कळलं. एकदा म्हटलं की पोरगी गेली, दुसऱ्या गावी, दुसऱ्या शिक्षकाकडे. मलाही ती जायला नकोच होती, उगाच कशाला खोटं बोलू.

"अहो, म्हणा की," मी म्हटलं. "तिचे हात भरून आलेत."

"हं."

दांडा खाली आला. तिन्ही दिवे पांढरे. दुसरा प्रकार तिने हसतखेळत पार पाडला आणि निवडीत तिचं नाव आलं.

तेव्हापासून ह्यांनी 'हं' सोडायचं मनावर घेतलंय. गोदामात आता पंचासारखा हात खाली करून दाखवतात. घरीसुद्धा सराव चालू आहे. भाजी कशी झालीय विचारलं तर 'छान झालीय' म्हणतात, आणि मला परक्याच्या घरी जेवल्यासारखं वाटतं.

रविवारी मुंगीचा फोन येतो. तिकडचं जेवण, मैत्रिणी, दुखरा गुडघा, नवे सर किती बोलतात, सगळं एका दमात सांगते. हे नुसते ऐकतात. मग तिचं सांगून संपतं, पण ती फोन ठेवत नाही. हे माझ्याकडे चोरून बघतात. मी भांडी विसळतेय असं दाखवून पाठ फिरवते. मग हळूच, माझ्या कानावर पडू नये अशा बेताने, हे म्हणतात, "हं."

तेव्हा कुठे ती फोन ठेवते.