बहिऱ्या गृहस्थांचं शेवटचं परीक्षण

बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि पाठोपाठ बाबांची बदली बंगळुरात झाली. बसवनगुडीत भाड्याचं घर मिळालं आणि हाकेच्या अंतरावर मराठी मंडळाची खोली. तिथल्या फळ्यावर सभासदांनी काहीबाही लिहून लावायचं अशी पद्धत होती. कुणी स्थळं लावी, कुणी लोणच्याची कृती. मी कॉलेजात होते आणि अंगात खोड्या मावत नव्हत्या. मी गाण्याची परीक्षणं लावू लागले, पण स्वतःच्या नावानं नाही.

माझ्याकडे तीन परीक्षक होते, तिघंही माझ्याच डोक्यातले. एक निवृत्त रेल्वे गार्ड. ते लिहीत, 'बुवांची तान वेळेवर सुटली, पण समेवर चार मात्रा उशिरा पोचली. प्रवाशांचे हाल झाले.' दुसऱ्या वाती वळणाऱ्या काकू. 'आलाप सव्वाशे वातींचा झाला. द्रुत लयीत माझी वात तुटते, म्हणून द्रुत मला पसंत नाही.' आणि तिसरे, माझे सगळ्यांत लाडके, ठार बहिरे गृहस्थ. तबलजीचा घाम, गवयाच्या मानेच्या शिरा, श्रोत्यांचे चेहरे, एवढ्यावर ते निकाल देत.

मंडळातल्या लोकांना तिघंही खरेच वाटत. काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं फळ्यावर लागलं. बहिऱ्या गृहस्थांना नीट दिसावं म्हणून चिटणीसांनी दर कार्यक्रमाला पुढची एक खुर्ची राखून ठेवायला सुरुवात केली. ती अर्थातच रिकामी राही. आणि माझे बाबा, जे कुणाचंच ऐकत नसत, ते म्हणत, "परीक्षक असावा तर असा. त्याचे कान कोण भरणार?" मी ताटात मान घालून हसू दाबायची.

त्या वर्षी रामनवमीच्या मांडवात मंडळाला दुपारचा अर्धा तास मिळाला. गाणार होती माझी अक्का. बेळगावात ती सात वर्षं शिकली होती आणि पुढच्याच सोमवारी तिला रेडिओच्या चाचणीचं बोलावणं होतं. बाबांनी अट घातली. मांडवात लोकांना आवडलं तर चाचणीला जा, नाहीतर तानपुऱ्याला कायमची गवसणी आणि स्थळं बघायला सुरुवात. स्वतः मात्र ते मांडवात आले नाहीत. मुलगी गायला बसली की त्यांची छाती धडधडे.

अक्कानं भीमपलास धरला. पुढे बसवनगुडीतली पिकली मंडळी बसली होती, जन्मभर कर्नाटक संगीत ऐकलेली. मी खांबाला टेकून, हातात पेन्सिल घेऊन त्यांचे चेहरे टिपत होते. दहा मिनिटांत एक आजोबा मान हलवत 'च्च च्च' करू लागले. मग त्यांच्या शेजारचे. मग अख्खी रांग. आमच्याकडे च्च च्च करतात ते कुणाचं काही वाईट झालं की. अक्कानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, तिचा आवाज कापला आणि द्रुत न घेताच तिनं तानपुरा खाली ठेवला.

मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, मजकूरही झकास मिळाला होता. संध्याकाळी फळ्यावर बहिऱ्या गृहस्थांचं परीक्षण लागलं. 'पहिली रांग इतकी हळहळत होती की मी शेजाऱ्याला लिहून विचारलं, कोण गेलं? त्यानं लिहून दिलं, कुणी नाही, मुलगी गाते आहे.' बाबा रोज फळा वाचतात हे मला ठाऊक होतं. पण विनोद सुचला की माझी अक्कल गहाण पडे.

बाबांनी घरी येऊन तानपुऱ्याला गवसणी घातली आणि तो माळ्यावर ठेवला. अक्का भिंतीकडे तोंड करून निजली. ते परीक्षण माझंच, हे कबूल करायला माझी जीभ रेटेना.

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातले अण्णा आले. ते त्या पहिल्याच रांगेतले. मुलीनं गाणं मध्येच का थांबवलं, असं ते कन्नडात विचारू लागले. आईनं कॉफी दिली. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि मान हलवत म्हणाले, "च्च च्च."

आईचा चेहरा उतरला. "साखर कमी झाली का?"

"इल्ला अम्मा, बहळ चेन्नागिदे," अण्णा म्हणाले. म्हणजे फारच छान झाली आहे. आणि पुन्हा च्च च्च.

बाबा माळ्याकडे बघायला लागले. "म्हणजे मांडवातही तुम्ही..."

"डोळ्यांत पाणी आलं होतं आमच्या," अण्णा म्हणाले.

बाबांनी स्वतः शिडी लावून तानपुरा उतरवला. पण अक्का हात लावेना. "अण्णा सांत्वनाला आले होते," ती मला म्हणाली. "त्या परीक्षकांना माझ्याशी गोड बोलायची गरज नव्हती. त्यांनी खरं लिहिलं."

तेव्हा मी सांगितलं. "ते गृहस्थ मीच, अक्का. गार्डही मीच आणि काकूही मीच."

थोबाडीत बसेल म्हणून मी गाल तयार ठेवला होता. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तो बहिरा होता. तुला दोन कान आहेत. तुला कसं वाटलं माझं गाणं?"

मांडवात मी सगळा वेळ चेहरे बघत होते. "मी ऐकलंच नाही," मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली.

"मग बस. पेन्सिल ठेव खाली."

तिनं गवसणी काढली, तारा लावल्या, तोच भीमपलास सुरू केला. जिथे थांबली होती तिथे आली आणि पुढे गेली. मी रडले. त्या गाण्याचं परीक्षण मला आजही लिहिता येत नाही.

सोमवारी ती चाचणीला गेली. त्याच दिवशी मी फळ्यावर शेवटचा कागद लावला. 'आमचे बहिरे गृहस्थ वारले. जाण्यापूर्वी त्यांना एकदा ऐकू आलं होतं.' पुढच्या कार्यक्रमाला चिटणीसांनी रिकाम्या खुर्चीवर हार ठेवला. सगळे दोन मिनिटं उभे राहिले, बाबा तर डोळे मिटून. रांगेच्या टोकाला अक्का उभी होती. ती माझ्याकडे बघत, मान हलवत च्च च्च करत होती.