गळलेले एकशे बावन्न

माझ्या नणंदेचं काम काय, हे शेजारणींना सांगताना माझी दर वेळी पंचाईत होते. ताई डॉक्टर नाहीत, शिक्षिका नाहीत, स्वतः संशोधनही करत नाहीत. दुसऱ्यांनी केलेलं संशोधन वाचायचं आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा ते लिहून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. एकदा एक शेजारीण म्हणाली, ‘म्हणजे चुका काढायचा पगार मिळतो की! आमच्या सासूबाई फुकट काढतात.’ ताईंना हे सांगितलं, तर त्या खोखो हसल्या होत्या.

तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. भिंतीला लागून पत्र्याची कपाटं, खिडकीशी त्यांचं टेबल. टेबलावर दोन चष्मे, एक मजकुरासाठी आणि एक तक्त्यांतल्या बारीक आकड्यांसाठी. प्रत्येक अभ्यासाला अकरा प्रश्नांचा एक कागद जोडायचा आणि तळाच्या तीन चौकटींपैकी एकीत खूण करायची. भक्कम, बरा, कच्चा. बावीस वर्षांत ‘भक्कम’च्या चौकटीत त्यांची खूण फार थोड्यांच्या नशिबी आली. ऑफिसातली तरुण मंडळी पाठीमागे त्यांना चाळणी म्हणतात. ‘म्हणू देत,’ ताई म्हणतात, ‘माठ म्हणण्यापेक्षा बरं.’ लग्न केलं नाही. का, म्हणून कुणी विचारलंच तर चेहरा न हलवता सांगतात, ‘पुरावा अपुरा होता.’

गेली सहा वर्षं त्यांच्याकडे ऑनलाइन गटांवरचे अभ्यास येतात. एकमेकांना कधी न भेटलेली शेकडो माणसं फोनवर एकत्र जमतात, त्यातून कुणाला खरा आधार मिळतो का, हे शोधणारे. त्यांच्या भाषेत सामाजिक भांडवल. भांडवल म्हटल्यावर मला हसू आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘हसू नकोस. अडीनडीला तुझ्यासाठी धावून येणारी माणसं किती, ते तुझं भांडवल. पैशाचा काही संबंध नाही.’

मला हसू यायला नको होतं, कारण माझ्या घरात तेच चाललं होतं. माझी मुलगी, जिला तिची आत्या लहानपणापासून ठकू म्हणते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी घरी बसली. का, ते तिने सांगितलं नाही. आधी जेवायला बाहेर यायची, मग ताट खोलीत नेऊ लागली, मग मीच दाराशी ठेवू लागले. दिवसभर फोन. चित्रं काढणाऱ्यांचा एक गट होता, अकराशे जणांचा. ती तिथे रोज एक चित्र टाकायची. कधी आतून हसण्याचा आवाज यायचा, तेवढाच. हे म्हणायचे, ‘पोरीने फोनमध्येच बिऱ्हाड केलंय. एकदा काढून घे, चार दिवस रडेल आणि येईल ताळ्यावर.’ मीही ठरवलं होतं, की आता फोन घ्यायचा आणि इंटरनेट बंद करायचं. पण आधी ताईंना विचारावं. या विषयातलं त्यांच्याइतकं कुणी वाचलं असणार?

ताईंना सरळ उत्तर देता येत नाही. ‘काहींच्या बाबतीत बरं होतं, काहींच्या नाही.’ ‘कुणाच्या नाही?’ ‘तेच तर कुणी नीट मोजलेलं नाही.’ मी चिडले. ‘ताई, मला परीक्षेतलं उत्तर नकोय. माझी पोरगी एकटी आहे की नाही, तेवढं सांगा.’

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह. ‘अगं, फोन काढून घेऊ नकोस. परवाच एक मोठा अभ्यास तपासला. अकरा गट, नऊ महिने. घरात बसून असलेली मुलं नऊ महिन्यांनी दुप्पट माणसांची नावं सांगतात. अडचणीत कुणाला हाक माराल, तर त्यांची नावं. मी भक्कम दिलंय.’

त्यांनी भक्कम दिलंय म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं? मी यांना गप्प केलं. ठकूच्या दाराशी उभं राहणं सोडलं. ती माणसांत आहे, आपण मध्ये लुडबुड करू नये, असं मनाला बजावलं. जिन्यात भेटलेल्या एका बाईने खोचकपणे विचारलं, ‘मुलगी दिसत नाही हल्ली?’ तर मी ठसक्यात म्हणाले, ‘तिला वेळच कुठाय! अकराशे मैत्रिणी आहेत तिला.’

चार महिन्यांनी एका रविवारी भर दुपारी ताई न सांगता आल्या. चपला पायातच, हातात फाइल.

‘ठकू कुठाय?’

‘असणार कुठे? खोलीत. बसा तरी.’

त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच फाइल उघडून त्यांनी एक तक्ता माझ्यापुढे धरला. ‘सुरुवातीला चारशे बारा जणांना विचारलं. नऊ महिन्यांनी दोनशे साठ जणांना. ही दुप्पट नावं त्या दोनशे साठांची.’

‘मग बाकीचे?’

‘एकशे बावन्न. गट सोडून गेले. तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, गळलेले. जे टिकले त्यांना विचारलं, तुम्हाला आधार मिळाला का. ज्यांना मिळाला नसेल ते विचारायला तिथे होतेच कुठे? जगलेल्या झाडांना पाणी पुरलं का विचारण्यासारखं आहे हे.’

‘पण ताई, तुमच्या हे तेव्हा लक्षात नाही आलं?’

त्यांनी चष्मा काढला. ‘आलं होतं. ती ओळ मी वाचली होती. एरवी मी तिथेच थांबते. पण मला तुला काहीतरी चांगलं सांगायचं होतं ना. वाचली आणि पुढे गेले. तेव्हापासून ती ओळ डोक्यातून जात नाही.’

ताईंच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या ठकूच्या दाराकडे वळल्या आणि दोन बोटांनी टकटक केलं.

‘ठकू, आत्या आहे. एकच विचारायचंय. तू त्या गटात आहेस ना अजून?’

आतून पावलांचा आवाज आला. मग कडी निघाली. दार वीतभर उघडलं. केस विस्कटलेले, अंगात बापाचा जुना शर्ट. पोरगी किती वाळली होती! मी रोज ताट ठेवत होते, पण तिचा चेहरा असा उजेडात पाहिला नव्हता.

‘नाही,’ ती म्हणाली.

‘कधी सोडलास?’

‘झाले चार महिने.’

‘भांडण झालं कुणाशी?’

‘नाही गं. मीच नऊ दिवस काही टाकलं नाही. म्हटलं, बघू कोण विचारतंय.’

‘आणि?’

‘एकीने विचारलं. माझं एक जुनं चित्र तिला वापरायला हवं होतं. मग मी बाहेर पडले. बाहेर पडल्यावर तर तेवढंही कुणी विचारलं नाही.’

मी मध्येच बोलले. ‘मग दिवसभर फोनवर काय करत असतेस तू?’

‘वाचते,’ ती म्हणाली. ‘बाहेरच्यांनाही वाचता येतं तिथलं. ते काय काय बोलतात ते वाचते.’

चार महिने. नेमके तेच चार महिने, जेव्हा मी जिन्यात तिच्या मैत्रिणी मोजून दाखवत होते.

‘चुकलं माझं,’ ताई म्हणाल्या. ‘तुझ्या आईला मी सांगितलं, तुला आधार आहे म्हणून. न तपासता सांगितलं.’

‘तू आईला सांगितलंस,’ ठकू म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. ‘आईने तुला विचारलं. मला कुणीच विचारलं नाही.’ आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ऑफिसात सगळं सांगून स्वतःचा शेरा मागे घेतला. साहेब त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. तो म्हणाला, ‘ताई, अहवाल छापून गेला. तुमचीच सही आहे त्यावर.’ ‘म्हणून तर मी खोडतेय.’ ‘एका भाचीवरून?’ ‘भाची त्या अभ्यासात नव्हतीच. एकशे बावन्न जणांवरून.’ साहेबाने कागद ठेवून घेतला, पण पुढचे तीन अभ्यास दुसऱ्या टेबलावर गेले. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. ताईंनी मूळ संशोधकांनाही लिहिलं, या गळलेल्यांचं पुढे काय झालं? दोन ओळींचं उत्तर आलं. संपर्क तुटला, शोध घेतलेला नाही.

आता त्या दर रविवारी येतात. मी ठकूसाठी एक डॉक्टर शोधून ठेवल्या आहेत, दोनदा वेळही घेतली, दोन्ही वेळा ती आली नाही. हे हल्ली फोनबद्दल काही बोलत नाहीत, घरात पाय न वाजवता चालतात. ताई मला काही दिलासा देत नाहीत. मीही मागत नाही. मागून मिळालेला दिलासा कसा निघतो ते आम्ही पाहिलं आहे.

गेल्या रविवारी ठकूने दार उघडलंच नाही. ताईंचे गुडघे दुखतात, तरी त्या भिंतीला टेकून तिच्या दाराशी जमिनीवर बसल्या. मी खुर्ची आणली, तर नको म्हणाल्या. एक तास गेला, दीड गेला. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत होते, लावलेलीच पुन्हा काढून.

‘आत्या,’ आतून आवाज आला. ‘गेलीस का?’

‘नाही.’

‘कशाला बसलीयेस?’

‘काही नाही. बसलेय.’

‘मला बोलायचं नाहीये.’

‘नको बोलूस.’

मी हातातलं भांडं तसंच धरून उभी होते. ताईंनी दुखरा पाय हाताने उचलून लांब केला आणि पाठ पुन्हा भिंतीला टेकवली.